रायफलचा ‘चीक पीस’ घरी कसा बनवतात? आणि गाल टेकवण्याच्या या तुकड्यावर नेमबाजाचा नेम का अवलंबून असतो?

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधोमध एक ठिपका असतो. त्याचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर. शाई संपत आलेल्या पेनाने टेकवलेला ठिपका असावा, एवढाच. तो १० मीटरवरून, उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतची रायफल हातात धरून टिपायचा असतो. पात्रता फेरीत हेच ६० वेळा करायचे असते, तेही सव्वा तासात.

आता कांदिवलीत राहणाऱ्या एखाद्या अकरावीतल्या मुलीचे उदाहरण घेऊ. ती लोकलने दादर किंवा प्रभादेवीला उतरून वरळीच्या रेंजवर जाते. तिथे क्लबची रायफल मिळते. तीच रायफल तिच्या आधी सहा फूट उंचीच्या मुलाने वापरलेली असते. ती रायफल खांद्याला लावते, गाल टेकवते आणि साइटमधून काहीच नीट दिसत नाही. मग मान उंचावून, गाल अधांतरी ठेवून ती नेम धरते. दोन महिन्यांनी गुण वाढत नाहीत. मान दुखू लागते. घरी चर्चा सुरू होते की हिला नेमबाजी जमणार नाही, किंवा हिला लाखभर रुपयांची स्वतःची रायफल घेऊन द्यावी लागेल.

अनेकदा या दोन्हींची गरज नसते. गरज असते ती आठ-दहा मिलिमीटर उंचीच्या एका तुकड्याची. त्यालाच ‘चीक पीस’ म्हणतात.

चीक पीस म्हणजे नेमके काय?

रायफलच्या मागच्या भागाला दस्ता किंवा स्टॉक म्हणतात. दस्त्याचे मागचे टोक खांद्याला लागते, ती बट प्लेट. तिच्या थोडे पुढे, दस्त्याच्या वरच्या कडेला नेमबाज गाल टेकवतो. गाल टेकवण्याची ही जागा म्हणजे चीक पीस.

ऑलिम्पिक दर्जाच्या रायफलींमध्ये चीक पीस वेगळा बसवलेला असतो. स्क्रू फिरवून तो वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करता येतो. शिकाऊ मुलांच्या हाती येणाऱ्या साध्या एअर रायफलींमध्ये आणि एनसीसीच्या ०.२२ रायफलीत मात्र तो लाकडी दस्त्याचाच भाग असतो. म्हणजे उंची कारखान्यात ठरलेली. चेहरा कोणाचाही असो, जागा तीच.

गालाचा आणि नेमाचा संबंध काय?

रायफलला दोन साइट असतात. नळीच्या टोकाला फ्रंट साइट आणि डोळ्याजवळ रिअर साइट. स्पर्धेच्या रायफलीत रिअर साइट म्हणजे बारीक छिद्र असलेली चकती, जिला ‘पीप साइट’ म्हणतात. या छिद्रातून पाहिल्यावर फ्रंट साइटची रिंग बरोबर मधोमध दिसली पाहिजे आणि त्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल.

डोळा, रिअर साइट, फ्रंट साइट आणि टार्गेट हे चारही एका रेषेत आले की नेम जुळतो. यातल्या दोन्ही साइट रायफलवर पक्क्या बसवलेल्या असतात. टार्गेट जागचे हलत नाही. हलणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे डोळा. आणि डोळा स्थिर ठेवण्याचे काम गालाचे हाड करते.

साधे गणित पाहा. दोन साइटमधले अंतर ८० सेंटीमीटर धरले आणि फ्रंट साइट मधोमध बसवताना फक्त ०.२ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर ती चूक २.५ मिलिमीटर होते. टार्गेटवर दोन रिंगांमधले अंतरही २.५ मिलिमीटरच असते. म्हणजे डोळ्याला जाणवणारही नाही अशा चुकीने एक पूर्ण गुण जातो.

मान ताणून धरलेले डोके प्रत्येक शॉटला थोडे वेगळ्या जागी येते. थकवा वाढतो तसा फरकही वाढतो. गाल टेकलेला असला की डोक्याचे वजन दस्ता पेलतो, मानेचे स्नायू सैल राहतात आणि डोळा आपोआप त्याच जागी येतो.

एकच रायफल सगळ्यांना का बसत नाही?

गालाच्या हाडापासून डोळ्याच्या बुबुळापर्यंतचे अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. मानेची लांबी, खांद्याची उंची, जबड्याची ठेवण हेही वेगळे. लहान मुले आणि बारीक चेहऱ्याच्या मुली यांना सरसकट उंचीचा दस्ता बहुधा खाली पडतो.

अनुभवी नेमबाजाची जागासुद्धा प्रत्येक पोझिशनमध्ये बदलते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा प्रकार गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभ्याने खेळला जातो. तिन्ही वेळा डोके वेगळ्या कोनात येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२मध्ये खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. या प्रकारातले नेमबाज पोझिशन बदलताना बट प्लेट, चीक पीस आणि साइट यांची मापे बदलतात. ती मापे आधीच लिहून ठेवलेली असतात. अंदाजाने कोणी बसवत नाही.

घरगुती चीक पीसची कल्पना तीच आहे. स्क्रूऐवजी फोम आणि पट्टी, एवढाच फरक.

आधी ही खबरदारी

• रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासावे. छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवावेत. नळी कोणाच्याही दिशेने धरू नये, रायफल रिकामी असली तरीही.
• क्लबची किंवा प्रशिक्षकाची रायफल असेल तर परवानगीशिवाय काहीही चिकटवू नये. एनसीसीच्या रायफलीला हात लावायचाच नाही.
• स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल छर्रा न घालता झाडू नये. आतले भाग खराब होतात.

पहिली पायरी : खरेच गरज आहे का, हे तपासणे

चीक पीसच्या आधी बट प्लेट पाहावी. दस्ता फार लांब असेल किंवा बट प्लेट खांद्यावर चुकीच्या उंचीला बसत असेल, तर डोके आपोआप चुकीच्या जागी जाते. ती चूक चीक पीसने झाकली तर मूळ दोष तसाच राहतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी उभे राहण्याची पद्धत, मग बट प्लेट, मग चीक पीस.

त्यानंतर डोळे मिटून चाचणी करायची. डोळे मिटावेत, रायफल खांद्याला लावावी, मान सैल सोडून गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. डोके हलवायचे नाही. रिअर साइटच्या छिद्रात फ्रंट साइट कुठे दिसते ते पाहायचे.

• फ्रंट साइट छिद्राच्या खालच्या बाजूला दिसली तर डोळा खाली आहे. उंची वाढवायला हवी.
• वरच्या बाजूला दिसली तर डोळा वर आहे. उंची कमी करायला हवी. इथे फोम लावून काम होणार नाही.
• डावीकडे किंवा उजवीकडे दिसली तर डोळाही त्याच बाजूला गेलेला आहे.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. फ्रंट साइट ज्या बाजूला सरकलेली दिसते, डोळा त्याच बाजूला सरकलेला असतो.

ही चाचणी एकदा करून भागत नाही. दहा वेळा करावी आणि प्रत्येक वेळचे उत्तर वहीत लिहावे. दहापैकी आठ-नऊ वेळा एकच उत्तर आले तर दोष दस्त्याच्या मापात आहे. दर वेळी वेगळे उत्तर आले तर दोष उभे राहण्यात आहे. अशा वेळी फोम कापण्याऐवजी प्रशिक्षकाशी बोलावे.

दुसरी पायरी : लग्नपत्रिकांनी माप काढणे

उंची किती वाढवायची हे ठरवायला सगळ्यात स्वस्त साधन प्रत्येक घरात पडून असते. जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा जाड पुठ्ठा साधारण १२ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद कापावा. असे दहा-बारा तुकडे करावेत.

एक-एक तुकडा दस्त्यावर ठेवून कागदी मास्किंग टेपने बांधावा आणि पुन्हा डोळे मिटून चाचणी घ्यावी. फ्रंट साइट मधोमध दिसू लागली की थांबावे. मग सगळे तुकडे एकत्र दाबून त्यांची जाडी पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजावी. तेच चीक पीसचे माप.

शक्य असेल तर कोणाला तरी बाजूने आणि समोरून मोबाइलवर फोटो काढायला सांगावे. डोके सरळ उभे दिसले पाहिजे. ते पुढे लोंबत असेल किंवा दस्त्यावर आडवे पडलेले असेल तर माप पुन्हा घ्यावे.

पुठ्ठ्याचा हा तात्पुरता चीक पीस घेऊन रेंजवर दोन-तीन दिवस सराव केला तर उत्तम. या टप्प्यावर चूक सुधारायला पैसे लागत नाहीत.

तिसरी पायरी : साहित्य

• घट्ट ईव्हीए फोम, ३ किंवा ५ मिलिमीटर जाडीचा. चपलांच्या तळव्यांना हाच वापरतात. शालेय हस्तकलेच्या दुकानातही मिळतो, पण तो कधीकधी फार मऊ असतो.
• रबरी चिकटद्रव्य, फर्निचरवाले वापरतात ते.
• दोन वेलक्रो पट्ट्या, साधारण एक इंच रुंद.
• सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.
• वरून लावायला जुन्या जीन्सचे कापड किंवा मऊ चामड्याचा तुकडा.
• ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, कटर, लोखंडी पट्टी.

कांदिवलीसारख्या उपनगरात हे सगळे हार्डवेअरचे दुकान, टेलरिंगचे सामान विकणारे दुकान आणि चपला दुरुस्त करणारा कारागीर या तीन ठिकाणी मिळून जाते. खर्च काही शे रुपयांच्या आत बसतो.

मऊ फोम का नको?

घरगुती चीक पीसमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गादीचा स्पंज किंवा मऊ योगा मॅट लावली की पहिल्या दिवशी छान वाटते. पण स्पंज दाबला जातो. एका शॉटला गाल हलका टेकला, पुढच्या शॉटला जोरात, तर उंची दोन-तीन मिलिमीटरने बदलते. ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचे जाते.

चीक पीस ही उशी नाही. गाल प्रत्येक वेळी त्याच जागी यावा यासाठी ती खूण आहे. म्हणूनच महागड्या रायफलींचे चीक पीस लाकडाचे, घट्ट प्लॅस्टिकचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. फोम निवडताना अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. खोल खड्डा पडला तर तो नको.

चौथी पायरी : जोडणी

१. मापाच्या जाडीएवढे फोमचे थर कापावेत. ९ मिलिमीटर हवे असतील तर ३ मिलिमीटरचे तीन थर. कापडाची जाडीही हिशेबात धरावी.

२. दोन्ही पृष्ठभागांवर चिकटद्रव्याचा पातळ थर द्यावा. हाताला चिकटेनासा झाला की थर एकमेकांवर दाबावेत. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, वास उग्र असतो.

३. रात्रभर वजनाखाली ठेवावे.

४. कडा पॉलिश पेपरने घासून गोल कराव्यात. गालाच्या हाडाखाली येणारी बाजू किंचित उतरती करावी. टोकदार कड राहिली तर अर्ध्या तासात गाल दुखू लागतो.

५. स्प्रिंगची एअर रायफल झाडताना मागेपुढे हलते. तिच्यासाठी चीक पीसचा नळीकडचा भाग किंचित खाली ठेवावा. रायफल मागे आली की दस्ता गालावर आदळत नाही, गालाखालून सरकतो.

६. वरून कापड किंवा चामडे लावावे. रेक्झिन टाळावे. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो आणि रेक्झिनवर गाल घसरतो. सुती कापड वेलक्रोने काढता येण्यासारखे लावले तर धुताही येते.

७. दस्त्यावर आधी ट्यूबचा तुकडा ठेवावा, त्यावर चीक पीस आणि मग दोन वेलक्रो पट्ट्या घट्ट बांधाव्यात. ट्यूबमुळे तुकडा घसरत नाही आणि दस्त्याला चिकटद्रव्यही लागत नाही.

८. पट्ट्या ट्रिगर, बोल्ट किंवा छर्रा भरण्याच्या जागेच्या आड येत नाहीत ना, हे पाहावे. दस्त्यावर टेपने खूण करावी, म्हणजे काढून पुन्हा लावताना जागा चुकणार नाही.

अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपचा किंवा सागवानी लाकडाचा, स्क्रूने वर-खाली होणारा चीक पीसही बनवता येतो. पण त्यासाठी दस्त्याला भोके पाडावी लागतात. ते फक्त स्वतःच्या रायफलीवर, प्रशिक्षकाला विचारून आणि जाणकार कारागिराकडूनच करावे. हवेच्या टाकीजवळ किंवा दस्ता जोडणाऱ्या बोल्टजवळ ड्रिल नेऊ नये. पीव्हीसी घरच्या गॅसवर तापवू नये, त्यातून विषारी धूर निघतो.

काम झाले हे कसे ओळखायचे?

चीक पीस लावल्यावर साइटचे सेटिंग बदलण्याची शक्यता असते. त्यामुळे पहिले काही शॉट उजवीकडे-डावीकडे गेले तर घाबरू नये. साइट पुन्हा जुळवून घ्यावी.

खरी परीक्षा शॉट कुठे लागतात याची नसते, एकमेकांच्या किती जवळ लागतात याची असते. पाच शॉटचे चार ग्रुप चीक पीससह आणि चार ग्रुप त्याशिवाय मारावेत. टार्गेट जपून ठेवून तुलना करावी. एका वेळी एकच बदल करावा. चीक पीस, बट प्लेट आणि जॅकेट एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

मान दुखणे, डोळ्यातून पाणी येणे, गालाच्या हाडावर लाल वळ उठणे ही उंची चुकल्याची लक्षणे आहेत. वाढत्या वयाच्या मुलांचे माप दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे. चौदाव्या वर्षी बसलेला चीक पीस पंधराव्या वर्षी बसेलच असे नाही.

स्पर्धेत चालतो का?

चीक पीस लावायला बंदी नाही, पण मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफलचे एकूण वजन साइटसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. नळीच्या मध्यरेषेतून जाणाऱ्या उभ्या प्रतलापासून चीक पीस ४० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. स्पर्धेआधी साहित्याची तपासणी होते आणि तपासणीनंतर त्यात नियमबाह्य बदल केला तर नेमबाज बाद होऊ शकतो.

आपल्याकडच्या स्पर्धांत आयएसएसएफ गटाबरोबर राष्ट्रीय नियमांचे वेगळे गटही असतात. रायफलीत कोणते बदल चालतात हे गटानुसार बदलू शकते. म्हणून प्रवेश अर्ज भरताना स्पर्धेचे परिपत्रक वाचावे आणि शंका असेल तर रेंज अधिकाऱ्यांना घरगुती चीक पीस आधीच दाखवावा.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ०.२२ रायफल मात्र अग्निशस्त्र आहे, तिला परवाना लागतो. चीक पीस हा गाल टेकवण्याचा आधार आहे, त्याने रायफलीची ताकद बदलत नाही. रायफलीच्या यंत्रणेत, स्प्रिंगमध्ये किंवा नळीत फेरफार करणे ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

परवाना लागत नाही म्हणून सोसायटीच्या गच्चीवर किंवा गॅलरीत नेमबाजी करता येते, असा अर्थ होत नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. सराव रेंजवरच करावा. प्रवासात रायफल बंद केसमध्ये ठेवावी आणि ओळखपत्र, खरेदीची पावती जवळ बाळगावी.

मग महागडी रायफल घ्यायचीच नाही का?

घ्यावी, पण वेळ आल्यावर. मुंबई परिसराने भारतीय रायफल नेमबाजीला मोठी नावे दिली आहेत. अंजली भागवत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००४मध्ये अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर पनवेलमध्ये नवे नेमबाज घडवतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरो इथे १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. या पातळीवर उत्तम रायफल लागतेच.

पण महागडी रायफलही स्वतःहून कोणाच्या चेहऱ्याला बसत नाही. तिचे सगळे स्क्रू कुठे थांबवायचे हे नेमबाजालाच ठरवावे लागते. लग्नपत्रिकेचे तुकडे लावून ज्याने आपल्या गालाचे माप एकदा काढले आहे, त्याला ती मापे आधीच माहीत असतात. आणि मान ताणून दोन महिने झगडणाऱ्या मुलीला नेमबाजी जमत नाही असे म्हणण्याआधी, तिचा गाल दस्त्याला टेकतो आहे का एवढे तरी पाहायला हवे.